चिंगीचा उपास

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जनावरांचा आजार एकच असतो. त्यांना घरातलं कोणीतरी फार जीव लावत असतं. बोईसरच्या सोसायट्यांमधली लॅब्रॅडॉर कुत्री सकाळी पोळी-तूप खातात, दुपारी बिस्किटं, रात्री मालकाच्या ताटातलं चिकन, आणि मग जिना चढताना धाप लागली की मालक मला विचारतो, "डॉक्टर, याला अशक्तपणा आलाय का?" पालघरला दवाखाना टाकून मला एकवीस वर्षं झाली. या धंद्यात संयम लागतो म्हणतात. माझा पहिल्या पाच वर्षांतच संपला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण एडवणच्या विजयाकाकूंना मी पहिल्याच भेटीत जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला लाज वाटावी असं त्यांनी पुढे काय केलं, तेच सांगायला बसलो आहे.

ऑक्टोबरातली दुपार होती. दवाखान्यासमोर एक ईको गाडी थांबली. साठीच्या एक बाई उतरल्या, आणि त्यांच्यामागून ड्रायव्हरनं चिकू भरायचा प्लास्टिकचा क्रेट उतरवला. वर गोधडी. माझा कंपाउंडर बन्सी, दातिवऱ्याचा माणूस, बोटीवर अर्धं आयुष्य काढलेला. त्यानं गोधडीचं टोक उचललं आणि तसंच परत ठेवलं.

"सर, साप हाय," तो म्हणाला. "पण लय जाडा हाय."

आत बोआ होता. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे, पण हा परदेशी जातीचा, बिनविषारी, आपल्या अजगरासारखा आवळून खाणारा. काकूंच्या मुलानं, धीरजनं, तारापूरच्या कंपनीत असताना हौसेनं पिल्लू आणलं होतं. त्याच्या सरकारी नोंदणीचा कागद काकू प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. मादी. घरात आली तेव्हा हातभर होती म्हणून नाव पडलं चिंगी. आता ती माझ्या उंचीला आली होती आणि वजन भरलं सहा किलो दोनशे.

साप हा माझा विषय नाही, हे मी कबूल करतो. पण चरबी ओळखायला विषय लागत नाही. अंग चारी बाजूंनी गोल, फुगलेलं. पाठीचा कणा दोन्हीकडच्या मांसात बुडून त्याची खाच झालेली. वळली की कातडीला घड्या पडत होत्या आणि खवल्यांच्या मधली कातडी दिसत होती. एवढ्या अंगावर डोकं मात्र इवलंसं. तीन दिवसांपूर्वी खाल्लेला उंदीर तिनं सकाळी अर्धवट पचलेला ओकून टाकला होता, आणि तेव्हापासून ती हलत नव्हती.

"हिला खायला कोण घालतं?"

"मीच," काकू म्हणाल्या.

"किती?"

"आठवड्याला दोन उंदीर. पाहुणे आले तर एखादा जास्ती."

"पाहुण्यांचा काय संबंध?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. चिंगीची काचेची पेटी माजघरात, जेवायला बसतात तिथेच समोर. पाहुण्यांसमोर ताट वाढायचं, स्वतः बसायचं, आणि घरातला एक जीव काचेतून नुसता बघतोय, हे त्यांना कसं सहन व्हावं? गाईचा घास काढतो, कुत्र्याची भाकरी काढतो, मग हिचं काय पाप? आणि दिलं की ती घेते. एकदाही नको म्हणाली नाही.

"धीरजनं काही सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. कागद चिकटवून गेलाय फ्रिजवर. तीन-चार आठवड्यांनी एक." त्यांनी पदरानं मान पुसली. "मला वाटलं, पोरगा कंजूषपणा करतोय."

इथे मी भडकलो. त्या दिवशी सकाळपासून मी दोन लठ्ठ कुत्री आणि एक लठ्ठ मांजर तपासलं होतं, हे काही कारण होऊ शकत नाही. पण मी म्हणालो, "बाई, ही आजारी नाही. तुम्ही हिला खाऊ घालून मारताय. स्वतःच्या हातानं!"

काकूंचा चेहरा कोरा झाला. त्या वाद घालतील, रडतील, दुसऱ्या डॉक्टरकडे जाईन म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी नोंदणीचा कागद घडी करून परत पिशवीत ठेवला. बन्सीनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी फोडलं आहे एवढं मला कळलं.

मुंबईत माझा एक वर्गमित्र सापांवर काम करतो. मी त्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला, म्हणजे काकूंनाही ऐकू जावं. तो म्हणाला, या जातीला रानात पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे समोर आलं की गिळायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं घेतलं म्हणजे तिला भूक होती असं मुळीच नाही. जादा खाल्लेलं यकृतावर साठत जातं आणि एक दिवस साप बसल्या जागी मरतो. ओकल्यानंतर आतलं सगळं हुळहुळं झालेलं असतं, म्हणून एक महिना पाण्याशिवाय काही नाही. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा एक उंदीर. तो टिकला, तर पुढे महिन्याला एक, तिच्या अंगाच्या जाडीपेक्षा जाड नसलेला. मध्ये कोणी जरासाही दयाळूपणा केला तर तिची खात्री देता येणार नाही.

"महिना," काकू पहिल्यांदा बोलल्या. "आज संकष्टी हाय. म्हणजे पुढल्या संकष्टीपर्यंत तिला उपास धरायला लावायचा."

"तसं समजा."

"संकष्टीला घरात उंदीर कसा काढू? दुसऱ्या दिवशी देईन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या बाईंनीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. बन्सीनं चहा पुढे केला होता, तो तसाच निवला होता. त्यांनी क्रेटवर गोधडी नीट पसरली आणि त्या निघाल्या.

गाडी गेल्यावर बन्सी म्हणाला, "सर, तुमी आज वाईट बोललात."

"खोटं बोललो का?"

"खरं बोललात, म्हणून तर." आणि त्यानं मला आत्मारामभाऊंचं सांगितलं.

आत्मारामभाऊ म्हणजे काकूंचे यजमान. पानवेलीची आणि केळीची वाडी, दिवसाला दहा-बारा माणसं कामाला, आणि सगळ्यांचं दुपारचं जेवण काकूंच्या हातचं. एडवणात त्या घराची ख्यातीच तशी. मीटर बघायला येणारा वायरमन त्यांच्या आळीत नेमका साडेबाराला पोचतो, यात योगायोग काही नाही. अशा घरात भाऊंना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. काकूंनी पथ्याचं शिजवलंही, पण सणावाराला, लग्नाला, कोणी आलं-गेलं की भाऊ ताटाकडे बघत बसायचे आणि काकूंचा हात जायचाच. एका दिवसानं काय होतंय? आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, आणि तीन वर्षांपूर्वी भाऊ गेले. त्यानंतर वाडी खंडानं कसायला दिली. धीरज नोकरीसाठी मस्कतला गेला. दहा-बारा माणसांना वाढणारा हात, आणि समोर बसायला एक साप.

मी त्या संध्याकाळी दवाखाना लवकर बंद केला.

काकूंना हे जमणार नाही, अशी माझी खात्री होती. वीस वर्षं मी माणसांना "एवढं घालू नका" म्हणून सांगतो आहे, आणि वीस वर्षं माणसं मान हलवून घरी जाऊन तेवढंच घालतात. बाराव्या दिवशी एडवणला एक म्हैस बघायला गेलो, तेव्हा न सांगता काकूंच्या दारात उभा राहिलो. चोर पकडायला गेलो होतो म्हणा ना.

माजघरात काचेच्या पेटीवर एक जुनं लुगडं पडद्यासारखं सोडलेलं होतं.

"जेवताना खाली सोडते," काकू म्हणाल्या. "तिच्यासमोर मना घास जात नाय. पण लुगडं सोडून दोनच दिवस बसले. बाकीचे दिवस पडवीत उभ्यानं जेवते."

"मग लुगडं काढून टाका."

"काढणार हाय. सवय करते."

मला त्यांनी अर्थातच जेवल्याशिवाय सोडलं नाही. मिसळ भाज्यांची उकडहंडी, तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेले सुके बोंबील. मी पेटीसमोर बसलो. दुसऱ्या भाकरीला काकू उठल्या, लुगडं बाजूला केलं आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्याशेजारी बसल्या. चिंगी आतल्या लाकडावरून उतरली, काचेपाशी आली, जीभ काढून आमच्याकडे तोंड करून राहिली. काकूंनी मान खाली घालून एक भाकरी संपवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी आयुष्यात पुष्कळ शस्त्रक्रिया पाहिल्या आहेत, पण कोणाला इतक्या कष्टानं एक भाकरी खाताना पाहिलेलं नव्हतं.

पुढची संकष्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी निम्म्या आकाराचा उंदीर मागवला होता. सरावलीचा कैलास त्यांना गोठवलेले पांढरे उंदीर पुरवतो. उपासाच्या आधी काकूंची मागणी इतकी वाढली होती, की तो त्यांना विचारायचा, "काकू, साप किती झालेत आता?" आता महिनाभर मागणी बंद, म्हणून बिचाऱ्याला वाटलं चिंगी मेली. तो स्वतः लहान उंदीर घेऊन एडवणला आला आणि जेवून गेला.

मीही गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही, फी घेतली नव्हती एवढं नक्की. उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ केला, पुसला, लांब चिमट्यात धरून काकूंनी तो पेटीत सोडला. चिंगीनं एका झटक्यात पकडला, वेटोळं घातलं. काकूंनी झाकण लावलं आणि त्या जमिनीवर बसल्या.

"एक सांगायचं हाय तुमाला, डाक्टर," त्या म्हणाल्या. "बाविसाव्या दिवशी मी उंदीर काढला होता."

"दिलात?"

"काढला, पाण्यात ठेवला, चिमट्यात धरला. झाकण पण उघडलं. ती माज्याकडं बघत होती, आणि मना एकदम हे दिसले. होळीला सगळी पुरणपोळी खात होती आणि हे खाटेवरून बघत होते. काय बोलले नाय, नुसते बघत होते. मी वाटीत तूप घालून पोळी नेली. मना वाटलं, किती सुखानं खाल्ली माणसानं." त्यांनी चिमटा पुसून बाजूला ठेवला. "त्या दिवशी माजा हात थांबला असता तर. मी झाकण लावलं आणि उंदीर चिकूच्या बुडाशी पुरून टाकला."

मी त्यांची माफी मागितली. दवाखान्यात बोललो त्याबद्दल, शब्द न फिरवता. त्या म्हणाल्या, "तुमी बोललात ते कोणीतरी आधीच बोलायला पायजे होतं. माज्या घरी जेवलेला माणूस मना कसा बोलणार? तुमी तेव्हा जेवला नव्हता माज्याकडं, म्हणून बरं झालं."

चिंगीला तो उंदीर पचला. त्यानंतर एडवणात एक नवी तिथी सुरू झाली. संकष्टीला काकूंचा उपास, आणि दुसऱ्या दिवशी चिंगीचं जेवण. मधले दिवस पाणी, आणि शेवटी शेवटी तर काकू तिच्यासमोर बसून आरामात भाकरी खायच्या, तिच्याशी गप्पा मारत. वजन करायला केळीचे घड तोलायचा काटा होताच. खाण्याच्या आदल्या दिवशी चिंगीला उशीच्या जुन्या अभ्र्यात घालायचं, अभ्र्याच्या तोंडाला गाठ, आणि तो पडवीच्या वाशाला टांगलेल्या काट्याला अडकवायचा. आकडा दिनदर्शिकेच्या चौकटीत. मला फोन: "डाक्टर, पन्नास गिराम उतरली." साप हळू उतरतो, महिनोन्महिने काहीच दिसत नाही. त्या काळात काकूंनी एकदाही "जरा वाढवूया का" असं विचारलं नाही. मी एकदा स्वतःच म्हणालो, की थंडी आहे, एखादा मोठा दिला तर चालेल. काकू म्हणाल्या, "तुमी पण असेच निघालात होय?" मी फोन ठेवून दिला.

गावात लोक हसले, नाही असं नाही. ज्या घरात मांजरसुद्धा दोनदा जेवायचं, तिथे सापाला उपास. शेजारची भागी म्हणे, "विजयाकाकूच्या दारी आता सापच उपाशी राहतो." काकू तिला जेवायला बसवून म्हणाल्या, "बघ तिची पाठ. आता कणा हाताला लागतो. गेल्या साली नुसता लोण्याचा गोळा होती." भागीनं लांबूनच बघितलं, पण बघितलं.

दोन वर्षांनी चिंगी चार किलो आठशेवर आली. अंग वरून किंचित चपटं, बाजू सरळ, कातडीला एकही घडी नाही. लाकडावर चढून बसायची, जे पूर्वी तिला जमतच नव्हतं. मुंबईच्या मित्राला फोटो पाठवला तर त्यानं विचारलं, "हे कुठल्या प्राणिसंग्रहालयातलं आहे का?" मी म्हटलं, एडवणच्या माजघरातलं.

आणि मे महिन्यात धीरज परत आला.

तो आल्यानंतरच्या रविवारी काकूंनी मलाही बोलावलं होतं. धीरजचे कंपनीतले दोन जुने मित्र बोईसरहून आले होते. धीरज बत्तीस वर्षांचा, मस्कतच्या कॅन्टीननं चांगलाच भरलेला, पोट शर्टाच्या पुढे. आल्यापासून तो चिंगीला बघून खुळावला होता. मित्र म्हणाले, "यार, खिला के दिखा ना." धीरज उठलाच, पडवीतल्या उंदरांच्या छोट्या फ्रिजकडे.

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"आई, बघ ना कशी बघतेय. भूक लागलीय तिला."

"ती बघतेच. संकष्टी येऊ दे."

"एकानं काय होतंय?"

मला वाटतं, हे वाक्य त्या घरात यापूर्वी शंभर वेळा बोललं गेलं असेल. काकूंनी त्याच्या हातातून फ्रिजचं दार घेतलं आणि शांतपणे लावलं. मित्रांना म्हणाल्या, "तुमी बसा जेवायला. तुमाला घालते ना पोटभर." आणि घातलं. पापलेट, कोळंबीचं कालवण, भाकऱ्या, शेवटी तांदळाची खीर, गुळाची, नारळाच्या रसातली. मित्र नको नको म्हणत असताना वाढलं. मला तर विचारलंही नाही, वाटी भरून टाकली. धीरजनं पहिली वाटी संपवली आणि पुढे केली.

काकू पातेलं घेऊन त्याच्यासमोर आल्या. पळी भरलेली होती. धीरजची कंपनीची तपासणी झाली होती, आल्या दिवशीच त्यानं आईला हसत सांगितलं होतं, की साखर जरा काठावर आली आहे, पण बत्तिसाव्या वर्षी कोण मनावर घेतो. मला हे काकूंनीच फोनवर सांगितलं होतं.

पळी तशीच हवेत राहिली. मग त्यांनी ती पातेल्यात परत सोडली.

"आई?" धीरज म्हणाला. वाटी अजून पुढेच होती. त्याच्या आयुष्यात त्या घरात पुढे केलेली वाटी रिकामी परत आली नव्हती. तो आईकडे बघत राहिला, आणि काकू त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात हलला नाही.

"बाबा गेले तवा तू माज्यावर रागावला नायस," त्या म्हणाल्या. "आता रागाव."

मी माझ्या वाटीत बघत बसलो. धीरज रागावला नाही. त्यानं वाटी ताटात पालथी घातली आणि आईला म्हणाला, "तू बस आता जेवायला."